अध्यक्षपद मागणाऱ्यांना एक प्रश्न

अमेरिकेतील कृष्णवर्णीय वकिलांच्या 'नॅशनल बार असोसिएशन'विषयीचा लेख वाचला. आता सर्वांना दारे खुली असल्याने अशा वेगळ्या संघटना कालबाह्य झाल्या, हे त्यातले मत पटले नाही. १९१२ मध्ये 'अमेरिकन बार असोसिएशन' या देशातील वकिलांच्या मुख्य संघटनेने तीन कृष्णवर्णीय वकिलांना नकळत सदस्यत्व दिले आणि चूक 'लक्षात' येताच पुढच्या अर्जदारांचा वंश कळवण्याची अट घातली. त्या तिघांपैकी विल्यम लुईस तेव्हा देशाचे सहायक ॲटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे वरिष्ठ विधी अधिकारी होते! वंशाची आडकाठी अधिकृतपणे हटायला १९४३ उजाडले.

मात्र लेखातून एक गोष्ट निसटली. १९२५ मध्ये 'नॅशनल बार असोसिएशन' स्थापन करणाऱ्यांत गर्ट्रूड रश या वकील महिला होत्या. पहिल्या महिला अध्यक्ष आर्नेट हबर्ड निवडून आल्या त्या १९८१ मध्ये, तब्बल ५६ वर्षांनी. बाहेरच्यांनी नाकारलेल्यांनीही आपल्यातल्या काहींना मागच्याच रांगेत बसवले. म्हणून अशा संघटनेचे नेतृत्व मागणाऱ्याने जिंकलेल्या खटल्यांची यादी जरूर द्यावी, पण आज आपल्याच सभागृहात मागे कोण बसले आहे, हेही सांगावे. जाहीरनाम्यात त्याला दोन ओळी पुरतील.

– एक वाचक