विषय: पार्किंग क्र. १४ मधील डाग आणि मॅकेनिकला आत येण्याची परवानगी

प्रति,
मा. अध्यक्ष,
गृहनिर्माण संस्था कार्यकारिणी

सप्रेम नमस्कार.

माझ्या जागेत इंजिन ऑइल सांडून पिवळ्या पट्ट्याचा रंग उडाला, अशी नोटीस मला सोमवारी मिळाली. रंग मी स्वखर्चाने लावून देतो, त्याबद्दल माझा वाद नाही. पण ते इंजिन ऑइल नव्हतं, आणि हे समितीला कळणं मला फार गरजेचं वाटतं.

इंजिन ऑइलने फरशी काळी पडते, पट्ट्याचा रंग असा सोलून निघत नाही. रंग खातं ते ब्रेक ऑइल. नोटीस वाचून मी लगेच बॉनेट उघडलं, तर ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी खालच्या खुणेच्याही खाली. ब्रेक पॅड झिजत जातात तशी ही पातळी थोडी उतरते, ते चालतं. माझे पॅड मात्र दिवाळीतच नवे टाकलेत, म्हणजे झिजेचं कारण इथे लागू होत नाही. डबी वरच्या खुणेपर्यंत भरली आणि रात्री चारही चाकांखाली पुठ्ठे अंथरले. सकाळी मागच्या डाव्या चाकाखालचा पुठ्ठा ओला. थेंब फिकट पिवळसर, पाण्यात टाकला तर विरघळून गेला. इंजिन ऑइल तरंगलं असतं. टायरची आतली बाजूही ओली होती. त्या चाकातला व्हील सिलिंडर (ब्रेक ऑइलच्या दाबाने ब्रेकचे लायनर ढकलणारा भाग) गळतोय असं मॅकेनिकने फोटो पाहून सांगितलं, ड्रम (चाकामागचं ब्रेकचं गोल झाकण) उघडला की खात्री होईल. लायनरवर ऑइल गेलं असेल तर तेही बदलावे लागतील.

ब्रेक ऑइलची दोन वेगळी सर्किटं (मार्ग) असतात, त्यामुळे एक गळलं तरी ब्रेक एकदम पूर्ण जात नाही. पण पेडल खोल जातं आणि गाडी उशिरा थांबते. आपल्या उताराच्या तोंडाशी संध्याकाळी मुलं सायकली फिरवतात. त्या उतारावरून ही गाडी मी काढणार नाही.

म्हणून विनंती, पार्किंगमध्ये दुरुस्ती करू नये हा नियम शनिवारी सकाळी १० ते १ माझ्यापुरता शिथिल करावा. खाली ताडपत्री आणि भुसा टाकून काम होईल, जुनं ऑइल मॅकेनिक डब्यात भरून नेईल, गटारात जाणार नाही.

दुसरं म्हणजे, वॉचमनच्या वहीत या डागाची नोंद ३ तारखेची आहे आणि मला नोटीस मिळाली १९ ला. मधले सोळा दिवस मी याच गाडीतून आईला दवाखान्यात नेत होतो. कोणाच्याही गाडीखाली ओल दिसली, तर वॉचमनने त्याच दिवशी इंटरकॉमवर कळवावं, एवढी सूचना त्यांना द्यावी. एसीचं साधं पाणी निघालं तरी काही बिघडत नाही.

शनिवारच्या परवानगीबद्दल शुक्रवारपर्यंत कळवावे, म्हणजे मॅकेनिकला वेळ देता येईल.

आपला,
सभासद, बी विंग
(पार्किंग क्र. १४)