माठ कोणाच्या हातचा, तेही छापा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात माठाबद्दल आलं होतं, घेताना टिचकी मारून बघा, गळतो का बघा वगैरे. माहिती बरोबर होती, फोटो पण छान होता, पण तो माठ कोणी घडवला याचा एका ओळीत पण उल्लेख नाही, ते मनाला लागलं म्हणून लिहिते आहे.

आम्ही देवळी तालुक्यातले कुंभार. आमच्या घरी चाक हे फिरवतात अन् थापायचं काम माझं. चाकावरून उतरते ते जाडजूड, ठेंगणं मडकं असते, तोंड अन् गळा तेवढा झालेला असतो. थोडं सुकलं की आतून दगडाचा गोळा धरायचा अन् बाहेरून लाकडाचं थापटणं मारायचं, गोरोबाकाकांनी नामदेवांच्या डोक्यावर मारलं तेच थापटणं, मग भिंत पातळ होत जाते अन् पोट फुगत जाते. आता मी डावखुरी. त्यामुळं माझ्या माठावर थापटण्याचे वळ उलटीकडं तिरपे पडतात. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई लय बोलल्या, हात बदल म्हणे, पण उजव्या हातानं माझं मडकं एका बाजूनं बसायचं, मग त्यांनीच नाद सोडला. आज २२ वर्षं झाली, पन्नास माठांत माझा ठेवा, मी डोळे मिटून नुसता हात फिरवून सांगते.

अन् आता व्यापारी काय म्हणतो, ते वळ घासून काढ, वरून ऑइल पेंट मार, फुलं काढ, शहरात तसाच माल चालते. दोन उन्हाळे आम्ही दिला पण तसा, पोटासाठी करावं लागलं. पण पाणी थंड होईना म्हणून लोकांच्या तक्रारी आल्या, अन् येणारच ना! आम्ही मातीत लीद मिसळतो ती भट्टीत जळून जाते अन् बारीक छिद्रं राहतात, त्यातून पाणी पाझरते, वाऱ्यानं उडते, तेव्हा आतलं गार होते. आपल्याकडची कोरडी हवा त्याला एकदम बरोबर. पेंटनं छिद्रंच बुजली तर माठ अन् प्लास्टिकची बादली सारखीच. म्हणजे माझी खूण पण गेली अन् माठाचा गुण पण गेला.

सेवाग्रामला बापूकुटीत गेले होते, तिथं भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबेननी मातीचीच ताडाची झाडं अन् चरखा काढलेला आहे, उठावाचा. मी तिथंच उभी राहिली कितीतरी वेळ, पोरं चला चला म्हणत होती. १९३६ साली गांधीजी सेवाग्रामला राहायला आले तेव्हापासून किती लोकं येऊन गेले असतील, पण त्या बाईच्या हातचं काम अजून भिंतीवर आहे अन् तिचं नाव घेऊन लोकांना दाखवतात. माती तर तीच, आमच्याच जिल्ह्याची.

मागच्या अक्षय तृतीयेला बाजारात एक म्हातारी आली, रंगवलेले सगळे बाजूला सारून मागचा एक साधा माठ उचलला, वळांवर बोट फिरवलं अन् म्हणे, "हा त्या डाव्या हातवालीचा ना, मले हाच दे." तिला माझं नाव माहीत नव्हतं. त्या दिवशी मी पैसे कमी घेतले.

यंदा आम्ही पेंट बंद केला, व्यापारी नाराज झाला तरी. तुम्हाला एवढंच सांगणं आहे, पुढच्या वेळी माठाचा फोटो छापाल तर कोणत्या गावचा अन् कोणाच्या हातचा ते खाली लिहा.

तुमची एक वाचक,
ता. देवळी, जि. वर्धा