सोपारा, आगाशी आणि पाच सुकेळी

विरार,
रविवार, रात्र

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला महिना लावला, माफ कर. पण आज लिहिल्यावाचून झोप यायची नाही. सकाळी सोपाऱ्याला गेलो, दुपारी आगाशीला, आणि आत्ताच घरी येतोय.

इतकी वर्षं नालासोपारा म्हणजे लोकलच्या दाराशी रेटारेटी, एवढीच आपली ओळख. त्याच स्टेशनवरून रिक्षाने आत गेलं की जुन्या शूर्पारक बंदराचं गाव लागतं! तिथे ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणतात त्या जागी 1882 साली पुरातत्त्व संशोधक पंडित भगवानलाल इंद्रजींनी विटांचा स्तूप उकरला. आत दगडी पेटी. पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, मग दगडाचा, स्फटिकाचा आणि सगळ्यात आत सोन्याचा. त्या सोन्याच्या करंडकात काय होतं, तर मातीच्या भांड्याचे 13 बारीक तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले. मी त्या विटांपाशी ऊन डोक्यावर येईपर्यंत बसून होतो. खापराचे तुकडे सोन्यात ठेवणारी माणसं इथे राहत होती, सुहास! सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही इथलाच, आणि नवव्याचा 1956 साली जवळच्या भुईगावात मिळाला.

आगाशीला गेलो तो सुकेळीसाठी, म्हणजे उन्हात वाळवलेल्या केळ्यांसाठी. एका वाडीत आजी अंगणात वाळत घातलेली केळी उलटत बसल्या होत्या. जात राजेळी, लांब आणि जाड. पिकलं की सोलायचं, मांडवावर गवत पसरून उन्हात मांडायचं, संध्याकाळी गोळा करून केळीच्याच वाळक्या पानांत झाकायचं, सकाळी पुन्हा ऊन. असं आठवडाभर. केळं आखडत जातं, रंग मधावर येतो आणि बोटाला चिकटायला लागतं. आजी प्रत्येक केळं दोन बोटांनी चेपून बघत होत्या. मऊ लागलं तर परत उन्हात. मी विचारलं, "साखर घालता का हो?" तर म्हणाल्या, "साखर कशाला? ऊन आहे ना." मग त्यांनी आत बोलावून उकडहंडी वाढली. कोनफळ, रताळी, वालपापडी, सगळं मंद आचेवर शिजलेलं. कोनफळाच्या जांभळ्या फोडी तर जिभेवर विरघळल्या.

वाडीच्या मागे बावखल आहे, गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, त्यावर वाडी शिंपतात, आजूबाजूच्या विहिरीही त्याच्यामुळे टिकतात. आता एकेक बावखल बुजवून त्यावर इमारती उठतायत. बावखल गेलं की वाडी सुकते, आणि वाडी गेली की राजेळी कुठून आणायची? आजींच्या शेजारची वाडी गेल्या वर्षीच गेली. हे बघून मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

पुढच्या महिन्यात दोन दिवस काढून ये. पावसाळा लागला की मांडव रिकामे पडतात, त्याआधी ये. काकूंना नमस्कार सांग.

सोबत पाच सुकेळी पाठवतोय, आजींनी स्वतः बांधून दिलेली. वरचं पान कात्रीने कापू नकोस. गाठ सोड आणि एकेक पदर हाताने उलगड.

तुझा,
मिलिंद