मालकाने मन कुठे मोकळे करावे?

महोदय,

व्यवसाय कसा वाढवावा, कर्ज कसे मिळवावे यावर आपल्या दैनिकात नेहमी लेखन येते आणि माझ्यासारख्या लहान व्यावसायिकांना त्याचा उपयोगही होतो. मात्र तो व्यवसाय चालवणाऱ्याच्या मनावर येणाऱ्या ताणाविषयी फारसे वाचायला मिळत नाही, म्हणून हे पत्र.

पुठ्ठ्याची खोकी तयार करण्याचा माझा छोटा कारखाना आहे आणि सहा कामगारांची घरे त्यावर चालतात. गेल्या वर्षी एका मोठ्या ग्राहकाचे बिल चार महिने थकले. वहीत नफा दिसत होता, पण खात्यात पैसे नव्हते. कारण कच्च्या मालाचे पैसे आधी मोजावे लागतात, पगार ठरल्या तारखेला करावा लागतो आणि येणे मात्र समोरच्याच्या सवडीने येते. पगाराच्या आदल्या रात्री, सगळे घरी गेल्यावर, एका कागदावर डावीकडे येणे आणि उजवीकडे देणे मांडून मी तीच बेरीज चार वेळा केली. कुणाशी तरी बोलावे म्हणून फोन हातात घेतला. कामगारांना सांगावे तर ते दुसरीकडे काम शोधतील, पुरवठादाराच्या कानावर गेले तर तो उधारी बंद करील, ग्राहकाला शंका आली तर ऑर्डर जाईल आणि घरी सांगावे तर घरच्यांचीही झोप उडेल, या विचाराने तो तसाच खाली ठेवला.

दिवसभर माणसांत वावरूनही जाणवणारा हा एकटेपणा स्वभावातून येत नाही, असे माझे ठाम मत आहे. ज्यांच्याशी आपण रोज बोलतो, त्यांच्यापैकी प्रत्येकाचे काही ना काही आपल्या उत्तरावर अवलंबून असते आणि म्हणूनच खरे उत्तर ओठांवर येत नाही. जगात सहापैकी एका व्यक्तीला एकाकीपणा जाणवतो आणि त्यामुळे हृदयविकार व पक्षाघात यांचा धोका वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटले आहे.

मला आधार मिळाला तो मोटर रिवाइंडिंगचे वर्कशॉप चालवणाऱ्या एका परिचितांचा. आमचा एकमेकांशी कोणताही व्यवहार नाही, हेच महत्त्वाचे. तो कागद त्यांच्यापुढे ठेवला, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "त्या ग्राहकाला तुम्ही स्वतः जाऊन भेटलात का?" मी भेटले नव्हते, नुसते निरोप पाठवत होते. गेले, तेव्हा बिल एका सहीसाठी अडकल्याचे कळले. कामगारांनाही पगाराला आठ दिवस उशीर होईल असे तारीख देऊन सांगितले. त्यांच्यापैकी एकही जण काम सोडून गेला नाही. तेव्हापासून दर शनिवारी आम्ही तासभर आपापल्या वह्या उघडून बसतो. अर्थात, आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल किंवा जगणे नकोसे वाटू लागले असेल, तर अशा बैठकीवर विसंबू नये, विनाविलंब डॉक्टरांना गाठावे.

व्यापारी आणि उद्योजकांच्या संघटनांनी परस्परांशी व्यवहार नसलेल्या चार-पाच मालकांचे असे लहान गट जुळवून द्यावेत, आणि आपण यशोगाथांच्या बरोबरीने व्यावसायिकांनी आपले वाईट वर्ष कसे काढले याच्या हकिकतीही छापाव्यात, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
एक लघुउद्योजिका