दशांश हेच औदार्याचे माप?

ख्रिस्ती दानधर्मावरील रविवारच्या लेखात दशांशालाच, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देण्यालाच, औदार्याचे माप मानले आहे. ते पटत नाही. दशांशाची आज्ञा जुन्या करारातली, म्हणजे बायबलच्या येशूपूर्व भागातली. आरंभीचा ख्रिस्ती प्रचारक पौल याने ग्रीसमधील करिंथच्या मंडळीला (ख्रिस्ती समुदायाला) टक्का ठरवून दिला नाही. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने मिळकतीच्या मानाने काही बाजूला ठेवावे, एवढेच सांगितले. यरुशलेमेतील गरजूंसाठीच्या त्या निधीत, स्वतः हलाखीत असलेल्या, ग्रीसच्या उत्तरेकडील मासेदोनियातील मंडळ्यांनीही ऐपतीबाहेर वाटा उचलला. पुदिना, शेप, जिऱ्याचाही दशांश मोजणारे न्याय आणि दया विसरतात, असे येशूने परूशांना, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाला, सुनावले होते. (दशांश देऊ नका, असे मात्र तो म्हणाला नाही.) मोठ्या कमाईच्या माणसाला दहा टक्के देऊनही काही सोडावे लागत नाही, रोजंदारीवरच्याला तेच जड जातात. लेखात हा फरक यायला हवा होता.