हायड्रोजन स्लो झाला म्हणजे सेफ झाला असं नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी तुमच्या पेपरात ग्रीन हायड्रोजनवर मोठा लेख आला होता. चांगला होता, सरकारच्या २०२३ च्या ग्रीन हायड्रोजन मिशनचे १९,७४४ कोटी, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन, सगळं व्यवस्थित दिलंय, पण मधेच एक वाक्य टाकलंय की पाइप आणि टाक्यांना अलॉय स्टील, म्हणजे क्रोम-निकेलसारखे धातू मिसळलेलं स्टील, वापरलं की हायड्रोजनचा त्रास, म्हणजे तो आत शिरून स्टील ठिसूळ होऊन तुटणं, संपतो. तिथे मी चहाचा कप खाली ठेवला. माझी ३१ वर्षं भोसरीत हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंगच्या मागे गेली आणि याच एका समजुतीने मला चांगलंच तोंडावर पाडलंय, म्हणून लिहितोय.

झालं असं की आमचा एक बोल्ट होता, एम ८, बोरॉन स्टीलचा, १०.९ ग्रेड (हा ताकदीचा आकडा). ॲसिडमध्ये पिकलिंग म्हणजे साफसफाई, वर झिंक प्लेटिंग, मग आत शिरलेला हायड्रोजन बाहेर काढायला २०० डिग्रीला ४ तास बेकिंग. वर्षानुवर्षं एक तक्रार नाही. मग कस्टमरला जाड आणि जास्त ताकदीचा हवा झाला, एम १६, १२.९, मटेरियल क्रोम-मॉली, म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम घातलेलं स्टील. मी ड्रॉइंगवर मटेरियल बदललं, साइझ बदलली आणि बेकिंगची ओळ तशीच ठेवली, ४ तास. म्हटलं भारी स्टील आहे, उलट चांगलंच होईल. संध्याकाळी टॉर्क रेंचने टाइट केले, सगळे ओके. सकाळी गेलो तर सहा बोल्टची डोकी जमिनीवर पडलेली. वॉचमन म्हणाला साहेब रात्री टक् टक् वाजत होतं, मला वाटलं पत्रा तापून थंड होतोय.

आता यात अलॉयचा संबंध काय ते सांगतो. ॲसिडमध्ये आणि प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन सुटतो, त्यातला थोडा लोखंडात शिरतो आणि अणूंच्या मधल्या फटींतून उड्या मारत फिरतो. शुद्ध लोखंडात तो इतका सुसाट असतो की एका सेकंदात साधारण मिलिमीटरचा दहावा भाग सहज जातो. क्रोम, मॉली, कार्बन घालून कडक केलेल्या स्टीलमध्ये मात्र त्याला पावलोपावली अडकायला जागा असतात, थांबतो, सुटतो, परत थांबतो, संध्याकाळच्या ट्रॅफिकमधला नाशिक फाटाच म्हणा ना. म्हणजे आत जायला वेळ लागतो हे खरंय, पण अहो बाहेर यायलाही तेवढाच लागतो! त्यात जाडी दुप्पट झाली की बाहेर यायचा वेळ दुप्पट नाही, चौपट होतो. आणि वरचा झिंकचा थर दारावर बसलेला. हार्डनेस वाढला हेही होतंच, ३९-४० आरसीच्या (रॉकवेल, हार्डनेस मोजायचं माप) पुढे गेलं की स्टीलला हायड्रोजन अजिबात सोसत नाही. पुढे प्लेटिंग झाल्यापासून ४ तासांच्या आत ओव्हनमध्ये आणि २४ तास बेकिंग असं केलं तेव्हा कुठे तुटायचं थांबलं. प्लेटिंगवाल्याला मी आधी भरपूर शिव्या घातल्या होत्या, चूक माझीच निघाली.

बरं हे काही नवीन नाही. १८७५ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन्सन नावाच्या गृहस्थाने ॲसिडमध्ये बुडवलेली लोखंडी तार वाकवून तोडली आणि तुटलेल्या जागी पाणी लावलं तर तिथून फेस आला, आतला हायड्रोजन बुडबुडे होऊन बाहेर पडत होता. आणि तरीही २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या नव्या बे ब्रिजवर ९६ पैकी ३२ जाड अँकर रॉड टाइट केल्यावर काही दिवसांत तुटलेच.

मग निकेल घालून स्टेनलेस वापरा असं कोणी म्हणेल. निकेलने स्टीलची आतली रचनाच बदलते आणि त्यात हायड्रोजन खरंच गोगलगाय होतो, लोखंडात सेकंदात जातो तेवढं अंतर कापायला त्याला वर्षं लागतात. म्हणून ३१६ नंबरच्या स्टेनलेसच्या फिटिंग्ज हायड्रोजनला चालतात. पण ३०४ हे कमी निकेलचं स्टेनलेस दाबून वाकवून ठोकून आकार दिला की त्याचा काही भाग परत कडक, चुंबकाला चिकटणारा होतो आणि तिथून हायड्रोजनला वाट मिळते. घरात चांगला स्टीलचा डबा असेल तर बारीक मॅग्नेट मधे लावून बघा आणि मग कोपऱ्याला लावून बघा, फरक कळेल.

व्हॅनेडियम, टायटॅनियम, नायोबियमची गोष्ट अजून वेगळी. यांचे अगदी बारीक कार्बाइड हायड्रोजनला धरून ठेवतात. धरलेला हायड्रोजन बाहेर येत नाही पण त्रासही देत नाही, त्रास देतो तो मोकळा फिरणारा. उलट सल्फर राहिला तर मॅंगनीजबरोबर त्याचे लांबट पट्टे होतात, रोलिंगमध्ये अजून चपटे होतात, त्यांच्या कडेला हायड्रोजन जमतो, दोन-दोन अणू जोडून गॅस होतो आणि प्लेट आतून फाडतो. मुंबईजवळच्या समुद्रातल्या साउथ बसीनच्या सावर गॅससारख्या (हायड्रोजन सल्फाइड असलेल्या) ठिकाणी म्हणूनच कमी सल्फरचा आणि कॅल्शियम टाकून पट्टे गोल केलेला पाइप घेतात. पाइप एक्स ६५ आहे की एक्स ७०, या नुसत्या ताकदीच्या ग्रेडवरून यातलं काहीच कळत नाही.

इंदूरला २०२२ पासून गॅसमध्ये थोडा हायड्रोजन मिसळतायत, तसं आपल्याकडच्या जुन्या लाइनबद्दल लिहाल तेव्हा तो पाइप कोणत्या साली टाकला, त्यात सल्फर किती आणि वेल्डजवळचा हार्डनेस किती एवढं तरी विचारून छापा. आणि लेखात जो फोटो होता तो पाइप बाहेरून गंजून खाल्लेला आहे, तो रोग वेगळा. माझ्या ड्रॉवरमध्ये त्या सहातलं एक डोकं अजून आहे, तुटलेली बाजू उजेडात धरली की खडीसाखरेसारखी चमचमते. हवा तर त्याचा फोटो पाठवतो.

आपला,
एक जुना हीट ट्रीटमेंटवाला, भोसरी