तापाच्या रात्रीसाठी मदत हवी आहे : मायटोकॉन्ड्रियाचा आजार असलेल्या मुलांसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

शाळेच्या विज्ञानात 'पेशीचे ऊर्जाघर' म्हणून तंतुकणिका आपण सगळेच शिकलो. डॉक्टरांच्या कागदावर तिचेच नाव मायटोकॉन्ड्रिया. हे ऊर्जाघर जन्मतःच कमजोर असले, की ज्यांना ऊर्जा जास्त लागते ते अवयव आधी थकतात : मेंदू, स्नायू, हृदय, यकृत, डोळे, कान. साधारण ५,००० जणांत एकाला हा आजार असतो. मूल आकडीसाठी एका डॉक्टरकडे, पापणी पडते म्हणून दुसऱ्याकडे आणि वजन वाढत नाही म्हणून तिसऱ्याकडे फिरत राहते.

एरवी जेमतेम भागणारी ऊर्जा तापात पुरत नाही. गरज वाढते आणि उलट्यांमुळे पोट रिकामे राहते. ली सिंड्रोम या मेंदूवर आघात करणाऱ्या प्रकारात तर आधाराशिवाय बसू लागलेले मूल एका तापानंतर मानही धरेनासे होते, आणि गेलेले बळ पुष्कळदा परत येत नाही. म्हणून आमच्या मंडळाचा सगळा भर तापाच्या पहिल्या काही तासांवर आहे.

अशा प्रत्येक घरात एक पेटी द्यायची आहे. तीत डिजिटल थर्मामीटर, तोंडाने औषध द्यायला बिनसुईच्या ५ आणि १० मिलीच्या सिरिंज, ग्लुकोज पावडर, ती मोजायला छोटा काटा, ओआरएस आणि पॅरासिटामॉलची एकच ठरलेली बाटली. 'एकच' अशासाठी, की सिरप ५ मिलीत १२० मिलिग्रॅमचेही मिळते आणि २५० चेही. थेंब त्याहून कितीतरी तीव्र. रात्री घाईत बाटली बदलली, की मात्रा दुप्पट होते.

पेटीतली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे डॉक्टरांच्या सहीचे, लॅमिनेट केलेले एका पानाचे पत्र. वर मुलाचे ताजे वजन, खाली ठळक अक्षरांत सूचना. उपाशी ठेवू नका. आरएल (रिंगर लॅक्टेट) सलाईन टाळा, त्यातले लॅक्टेट या मुलांना नीट वापरता येत नाही. आकडीवर व्हॅल्प्रोएट हे औषध टाळा. पीओएलजी जनुकात दोष असेल तर त्याने यकृत निकामी होऊ शकते. बहुतेक मुलांना ग्लुकोजची सलाईन लागते, पण पायरुव्हेट डिहायड्रोजिनेज या ग्लुकोजपासून ऊर्जा बनवायला लागणाऱ्या विकराची कमतरता असलेल्याला जास्त ग्लुकोज उलट बाधते. एकाचे पत्र दुसऱ्याला चालत नाही, ते असे. ही पत्रे लिहायला बालरोगतज्ज्ञांनी महिन्यातून दोन तास द्यावेत, ही कळकळीची विनंती.

दुसरा खर्च तपासण्यांचा. त्यातली एक रक्तातल्या लॅक्टेटची, या आजारात ते पुष्कळदा वाढलेले असते. मूल रडत असताना, दंडाला पट्टा आवळून रक्त घेतले की लॅक्टेटचा आकडा खोटाच चढतो. शांत मुलाचे रक्त करड्या झाकणाच्या फ्लोराइड नळीत घेऊन, बर्फात ठेवून लगेच प्रयोगशाळेत पोचवावे लागते. त्यासाठी बर्फाचे डबे हवेत, आणि ते घेऊन धावणारी माणसेही.

जनुक तपासणी मूल, आई आणि वडील अशी तिघांची एकत्र करायची असते. एकट्या मुलाच्या अहवालावर 'अर्थ अनिश्चित' असा शेरा येण्याची शक्यता जास्त, आणि पैसे तर गेलेले असतात. हा खर्च उचलावा असे आम्हाला फार वाटते, त्याचे आणखी एक कारण आहे. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडून येतो, एवढेच ऐकून घरात सुनेला बोल लावले जातात. प्रत्यक्षात लहानपणीच दिसणाऱ्या बहुतेक प्रकारांत दोष पेशीकेंद्रातल्या जनुकांत असतो, आणि त्याची एकेक प्रत बहुधा दोघांकडून आलेली असते. आते-मामे भावंडांच्या लग्नांत ही शक्यता वाढते. अहवाल हातात असला तर त्या बाईची बाजू कागदावर मांडता येते. शिवाय एसएलसी१९ए३ जनुकाच्या दोषासारखे काही प्रकार बायोटिन आणि थायमिन वेळेत मिळाले तर सुधारतात. दोन्ही साधी जीवनसत्त्वेच, पण सुरू करायला उशीर परवडत नाही.

मुंबईचे केईएम रुग्णालय २०२१च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणातले केंद्र आहे. तिथे जाण्या-राहण्यालाही मदत लागते.

देणगी मंडळाच्या नावे धनादेशाने द्यावी आणि पावती जरूर घ्यावी. फोडलेली औषधे, किंवा मुदत संपायला सहा महिन्यांपेक्षा कमी उरलेली औषधे आणू नयेत. रात्री गाडी देऊ शकणाऱ्यांनी आपले गाव आणि सोयीचे वार कार्यालयात नोंदवावेत. पावसाळ्यात तापाची साथ येते, म्हणून पेट्या मे अखेरीस घरोघरी पोचायला हव्यात.